वाकलेली रिम आणि तडकलेली रिम

"रिम गेली," असा मेसेज आला की मी उलट एकच विचारतो: वाकली की तडकली? (रिम म्हणजे टायर ज्यावर बसतो ते धातूचं चाक; इथे बोलतोय ते ॲल्युमिनियमच्या चाकाबद्दल.) उत्तर ठरलेलं असतं. "तेच ते रे, खड्ड्यात आदळली. रिपेअरला टाकतोय." तेच ते मुळीच नाही. वाकलेली रिम चांगल्या कारागिराच्या हातून परत गाडीला लागू शकते. तडकलेली लागू नये, आणि स्पोर्ट्स कारला तर नाहीच नाही. पण दोन्ही एकाच दुकानात जातात, एकाच बिलावर 'रिम रिपेअर' म्हणून येतात आणि एकाच रंगाखाली झाकल्या जातात. म्हणून हा खटाटोप.

वाकणं सगळ्यांना माहीत आहे, त्यावर वेळ घालवत नाही. खड्ड्याच्या कडेवर टायर चेपला, रबर पुरलं नाही, धक्का थेट धातूला बसला आणि काठ आत दबला. वेग वाढला की स्टीअरिंग थरथरतं; मागची रिम असेल तर थरथर सीटखाली जाणवते. बॅलन्सिंग मशीनवर चाक फिरवलं की काठ वरखाली होताना नुसत्या डोळ्यांनी दिसतो. पोक, म्हणजे ही दबलेली जागा, लहान असेल, काठापुरताच असेल आणि आरे शाबूत असतील, तर बेताची ऊब देऊन, दाब देऊन तो सरळ करता येतो. 'बेताची' या शब्दाकडे पुढे यायचं आहे.

तडा मात्र बहुतेकदा गुपचूप येतो. गाडी लोण्यासारखी चालते, स्टीअरिंग शांत असतं. फक्त एका चाकाची हवा चार-सहा दिवसांत उतरते आणि टीपीएमएसचा, म्हणजे टायरमधली हवा कमी झाल्याचं सांगणारा, दिवा लागतो. आपण म्हणतो, पंक्चर.

माझ्याकडे हेच झालं. मागच्या डाव्या चाकाची हवा कमी व्हायची. तीनदा टायरवाल्याकडे गेलो. पहिल्यांदा त्याने टायर पाण्यात फिरवला, काही सापडलं नाही. दुसऱ्यांदा व्हॉल्व्ह बदलला. तिसऱ्यांदा म्हणाला, "साहेब, आतून सीलंट मारून देतो, विषयच संपेल." नशिबाने मी नको म्हटलं आणि चाक उतरवून उलटं टाकलं. आतला भाग ब्रेकच्या धुळीने काळाकुट्ट झाला होता. तो कापडाने पुसला, साबणाचं पाणी ओतलं आणि बसून राहिलो. मिनिटभराने काठापासून दोन बोटं आत बारीक बुडबुड्यांची एक रांग उठली. शिवणीच्या टाक्यांसारखी, एका रेषेत. बोट फिरवलं तर काही लागेना, डोळ्यांना तर केसच वाटावा. बाहेरून ती रिम शोरूममधून आल्यासारखी दिसत होती.

तडा असा आतल्या बाजूलाच का पडतो, हे समजलं की निम्मा गोंधळ मिटतो. आरे चाकाच्या बाहेरच्या तोंडाशी असतात. तिथे काठाला आधार आहे. आतला काठ मात्र नळकांड्याच्या मोकळ्या टोकासारखा लांब लटकलेला असतो, आणि स्पोर्ट्स कारची चाकं रुंद असल्याने ते लटकणं आणखी वाढतं. त्यात टायर पातळ. (टायरवरच्या आकड्यांत पहिला रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि 'आर'नंतरचा रिमचा व्यास इंचांत.) १९५/६५ आर१५ या साध्या टायरची भिंत सुमारे १२७ मिलिमीटर उंच असते. ३३५/२५ आर२० ची जेमतेम ८४. एवढ्याशा रबराने धक्का गिळायचा तरी किती? रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालणारा टायर असेल तर भिंत मुद्दाम कडक केलेली असते, म्हणजे तोही धक्का पुढे ढकलतो. आणि आपण गाडी धुतल्यावर चाकाचं कुठलं तोंड कौतुकाने पाहतो? बाहेरचं.

आता खरा फरक, ज्याच्यासाठी एवढं लिहायला बसलो. रिम वाकते ती एका फटक्यात. फटका बसला, धातू दबला, गोष्ट तिथेच थांबली. तुम्ही आणखी हजार किलोमीटर चालवलंत तरी दुसरा फटका बसेपर्यंत पोक तेवढाच राहतो. तडा थांबत नाही. चाक एकदा फिरलं की जमिनीशी येणाऱ्या भागावर गाडीचं वजन येतं आणि जातं. रिम कणभर वाकते आणि सरळ होते. ३३५/२५ आर२० चा घेर साधारण २.१२ मीटर आहे. म्हणजे किलोमीटरला ४७० फेरे, ताशी १०० च्या वेगाने सेकंदाला १३. प्रत्येक फेऱ्यात तड्याचं टोक थोडं ओढलं जातं. कापडाच्या काठाला कात्रीने छोटासा काप दिला की उरलेलं दोन बोटांनी टर्रकन फाटतं ना, तसंच हे आहे. ताण सगळ्या कापडावर पसरण्याऐवजी त्या टोकाशी गोळा होतो. हजार किलोमीटरचा प्रवास म्हणजे त्या टोकाला पावणेपाच लाख हिसके.

त्यात ॲल्युमिनियमची एक खोड आहे. पोलादाला सोसण्याची एक मर्यादा असते. ताण तिच्या खाली राहिला तर ते जवळजवळ कितीही फेरे झेलतं. ॲल्युमिनियमला अशी ठाम मर्यादा नाही. लहान ताणही पुरेसे वेळा आला तर हिशेब होतोच. त्यामुळे "एवढीशी चीर आहे, बघू दिवाळीपर्यंत" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. एवढीशी ती आज आहे.

दुसरं वाक्य, ज्याने आणखी फिरतं: "वेल्डिंगचा जोड मूळ धातूपेक्षा मजबूत असतो." जोड असेलही. प्रश्न जोडाचा नाही, शेजारच्या धातूचा आहे. कारखान्यातून येणारी बहुतेक ओतीव चाकं ए३५६ या जातीच्या मिश्रधातूची असतात: ॲल्युमिनियम, साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि चिमूटभर मॅग्नेशियम. ओतल्यावर ती तशीच गाडीला लावत नाहीत. अख्खं चाक ५४० अंश सेल्सियसच्या आसपास तापवतात, झटकन थंड करतात, मग दीडशे-पावणेदोनशे अंशांवर काही तास मुरवतात. या मुरवण्यात मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण धातूत जागोजागी तयार होतात आणि ताकद त्यांच्यामुळे येते. टी६ म्हणतात तो हाच संस्कार. वेल्डिंगची ज्योत जिथे धातू वितळवते त्याच्या दोन्ही अंगांना तापमान इतकं चढतं की ते कण फुगून निकामी होतात. जोडाच्या कडेला मऊ पट्टा तयार होतो, आणि जोड थंड होताना आकसतो तो याच पट्ट्याला ओढत. शिवाय चिरेत ब्रेकची धूळ, पाणी आणि ऑक्साइड शिरलेलं असतं. ते नीट काढलं नाही तर जोडात बारीक पोकळ्या राहतात. तोडगा म्हणजे अख्ख्या चाकावर पुन्हा टी६ करणं. पण तसं केलं तर चाक वेडंवाकडं होण्याची भीती, म्हणून रिपेअरच्या दुकानात सहसा कुणी ते करत नाही. ओळखीतल्या एकाने वेल्ड केलेली रिम हौसेने वापरली. पुढच्या टायर बदलीच्या वेळी जोड जसाच्या तसा चकाकत होता, नवी चीर त्याच्या अर्धा सेंटिमीटर शेजारून गेली होती.

'बेताची ऊब' म्हणालो ती याच कारणाने. वाकलेली रिम सरळ करणारा कारागीर गॅसची ज्योत लाल-निळी करून मनसोक्त फिरवत असेल, तर तोही टी६ पुसूनच टाकतोय. ॲल्युमिनियम तापलं तरी लोखंडासारखं लाल होत नाही, त्यामुळे नजरेने अंदाज येत नाही. तापमान मोजत नसेल तर चाक उचलावं आणि निघावं.

काही वर्कशॉप काठावरची लहान चीर टिग वेल्डिंगने भरतात आणि आऱ्यांना हात लावत नाहीत. निदान सीमा तरी पाळतात, हे मान्य. तरीही ताशी दोनशेला जाऊ शकणाऱ्या गाडीच्या चाकाला असला जोड मला नको. आरा किंवा बोल्टच्या भोकाजवळ चीर असेल तर मग बोलायचंच नाही. तिथे हवा जात नाही, दिवा लागत नाही, थेट चाक सुटतं.

सगळ्यात वाईट तोडगा म्हणजे ट्यूब. तडकलेल्या ट्यूबलेस रिममध्ये ट्यूब टाकली की हवा थांबते आणि मालक खूश होतो. अरे, हवा उतरणं हीच तर एकमेव सूचना होती! चीर वाढतेच आहे, फक्त आता ती सांगत नाही. सीलंटचं तेच. पावडर कोटिंग तर त्याहून देखणं झाकण. जुनी चाकं नव्या काळ्याभोर रंगात विकायला आली की मी आतला रंग खरवडून दाखवायला सांगतो. नाही म्हणाला तर व्यवहार संपला.

मग ओळखायचं कसं? थरथर आहे आणि हवा टिकते: आधी वाकण्याचा संशय. थरथर नाही आणि हवा उतरते: टायर, व्हॉल्व्ह आणि काठावरचा गंज तपासून झाला की तडा. दोन्ही एकत्र असतील तर पोकाच्या पोटात चीर धरून चाला, कारण दबलेल्या जागी धातू ताणलेला असतो. म्हणूनच सरळ करण्याआधी आणि केल्यानंतरही तपासणी हवी. त्यासाठी डाय पेनिट्रंट नावाची साधी रीत आहे: साफ केलेल्या जागी लाल द्रव लावायचा, तो चिरेत मुरू द्यायचा, वरचा पुसून टाकायचा आणि पांढरा डेव्हलपर फवारायचा. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. नुसत्या लॅकरला गेलेला तडा असेल तर रंग खरवडल्यावर तो नाहीसा होतो; धातूतला राहतो. हे न करता "ठोकून आवाज ऐकला, ठीक आहे" म्हणणाऱ्यांना नमस्कार.

ओतीव आणि फोर्ज्ड यांचा घोळ थोडक्यात. फोर्ज्ड चाक दाबून घडवलेलं असतं, बहुधा ६०६१ सारख्या मिश्रधातूचं. त्याचा धातू न तुटता जास्त ताणला जाऊ शकतो, म्हणून तुटण्याआधी वाकायची शक्यता जास्त. ओतीव चाक लवकर तडकतं. महाग गाडी म्हणजे फोर्ज्ड चाकं, हा समज खोटा आहे. आणि हो, सगळ्यांनाच 'मॅगव्हील' म्हणणं आता सोडा. मॅग म्हणजे मॅग्नेशियम, आणि तुमच्या चाकात ते चिमूटभरच आहे.

कंपनीशी भांडतानाही वाकणं-तडकणं हाच मुद्दा निघतो. कंपनी म्हणते, रस्त्याचा फटका, वॉरंटीत बसत नाही. सातव्या पिढीच्या शेव्हरोले कॉर्व्हेटच्या झेड०६ आणि ग्रँड स्पोर्टवरून अमेरिकेत मालकांनी जनरल मोटर्सवर सामूहिक दावा लावला, तेव्हा त्यांचं म्हणणं असं होतं की ही चाकं ओतीव आणि कमकुवत आहेत, म्हणून तडकतात. त्या गाड्यांच्या मागच्या चाकांना वर सांगितलेलाच ३३५/२५ टायर, पुढच्यांना २८५/३० आर१९. तुमच्यावर वेळ आली तर रिम ठोकून सरळ करण्याआधी फोटो काढा. चिरेजवळ पोक आहे का, हे दिसलं पाहिजे. पोक असेल तर तुमची बाजू लंगडी. काठ गोल आहे, पोक नाही आणि तरी चीर आहे, तेही एकाहून जास्त चाकांना, तर बोलायला जागा आहे. "आमची चाकं आघात चाचणी पास आहेत" असं उत्तर येईल. आयएसओ ७१४१ या आंतरराष्ट्रीय मानकाची ही चाचणी चाक १३ अंश तिरकं ठेवून, वरून वजन टाकून करतात; फुटपाथला चाक बाजूने घासण्या-आदळण्याची ती नक्कल आहे. खड्ड्यात आतला काठ सरळ खालून मार खातो, तो प्रश्न वेगळा.

बदलायचंच आहे तर माझी पसंती उघड आहे: एक इंच लहान रिम आणि उंच टायर. २८५/३० आर१९ च्या जागी २८५/३५ आर१८ घेतला तर एकूण व्यास तीन मिलिमीटरने बदलतो, भिंत मात्र ८५ वरून जवळपास १०० वर जाते. ब्रेकचं कॅलिपर (डिस्क आवळणारा भाग) आत मावतं का, हे आधी मोजा. मोठ्या ब्रेकच्या गाडीत बऱ्याचदा नाही मावत. ऑफसेट (चाक गाडीला जिथे टेकतं ती जागा चाकाच्या मध्यापासून किती सरकलेली आहे ते) आणि भारक्षमता मूळ चाकाची पाहा. दिसायला लहान वाटतं, असं मित्र म्हणतील. म्हणू दे.

माझी ती बुडबुड्यांची रिम मी भंगारात दिली, पण देण्याआधी ग्राइंडरने काठ दोन ठिकाणी आरपार कापला. भंगारवाला हळहळला. "कशाला कापलीत साहेब? वेल्ड करून, रंग मारून लगेच गेली असती."