ॲम्प्लिफायर वाजता वाजता बंद पडत असेल तर: दुरुस्तीला आणण्यापूर्वी वाचावे

ॲम्प्लिफायर अर्धा-पाऊण तास उत्तम वाजतो, मग एकाएकी गप्प होतो आणि थोड्या वेळाने आपोआप पुन्हा सुरू होतो, ही तक्रार आमच्याकडे सर्वांत अधिक येते. अशी यंत्रे आम्ही टेबलावर घेतो, लोड (स्पीकरच्या जागी लावायचा भार) जोडून तासन्‌तास चालवतो, आणि बहुतेक वेळा त्यांत काहीही बिघडलेले नसते. झाकणाच्या जाळीवर मात्र रबरी पायांचे चार गोल ठसे उमटलेले असतात, आणि त्यांवरून यंत्राच्या डोक्यावर घरी दुसरे कोणतेतरी उपकरण ठेवलेले होते हे कळते. आमच्या टेबलावर यंत्राला चारी बाजूंनी मोकळी हवा मिळते, म्हणून हा दोष येथे दिसतच नाही. यात आपला हेलपाटा होतो आणि खरोखर बिघडलेली यंत्रे रांगेत मागे राहतात.

म्हणून एक विनंती आहे. ॲम्प्लिफायर कपाटातून बाहेर काढावा, उघड्या टेबलावर ठेवावा, त्याच्यावर काहीही ठेवू नये आणि नेहमीच्या आवाजात दोन तास वाजवावा. तसा तो बंद पडला नाही, तर दोष ठेवण्याच्या जागेत आहे आणि त्यासाठी आमच्याकडे येण्याचे कारण नाही. मोकळ्या हवेतही बंद पडला, तर तो अवश्य आणावा.

ॲम्प्लिफायर गरम होतो यात मुळात वावगे काही नाही. घरगुती यंत्रांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या क्लास एबी या आवाजवर्धनाच्या पद्धतीत वीजपुरवठ्यातून घेतलेल्या शक्तीपैकी सैद्धांतिकदृष्ट्यासुद्धा जास्तीत जास्त ७८.५ टक्के स्पीकरपर्यंत पोहोचते, तीही पूर्ण क्षमतेवर. बाकीची उष्णता होऊन हीटसिंकवर, म्हणजे उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या पात्यांच्या ठोकळ्यावर, येते. ‘आम्ही आवाज मोठा ठेवतच नाही’ असे पुष्कळ ग्राहक सांगतात. पण स्थिर स्वरावर मोजल्यास आउटपुट ट्रान्झिस्टरांवरचा, म्हणजे स्पीकरला शक्ती पुरवणाऱ्या भागांवरचा, उष्णतेचा भार पूर्ण शक्तीच्या सुमारे ४० टक्क्यांवरच सर्वाधिक असतो. अधिक-उणे ३५ व्होल्टवर चालणाऱ्या आणि ८ ओहमच्या स्पीकरला ५० वॅट देणाऱ्या चॅनेलमध्ये तो ३१ वॅटच्या आसपास जातो, आणि त्याच चॅनेलला ४ ओहमचा स्पीकर जोडला तर दुप्पट होतो. ८ ओहमच्या स्पीकरची दुसरी जोडी समांतर जोडली की ओहम निम्मे, म्हणजे ४, होतात; तेव्हा यंत्र ‘अचानक’ तापू लागते, त्याचे कारण एवढेच असते. गाण्यातली सरासरी शक्ती अर्थातच यापेक्षा कमी असते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली वॅटच्या दाव्यांसाठी नियम केला, तेव्हा मोजणीपूर्वी यंत्र एक तृतीयांश शक्तीवर तासभर चालवण्याची अट घातली होती; ती उत्पादकांना फार जड गेली आणि २००० साली एक अष्टमांशावर आली. आम्ही मात्र आमची यंत्रे आजही जुन्याच अटीवर तपासतो, आणि आमचे हीटसिंक इतरांपेक्षा मोठे व जड दिसतात ते त्यामुळेच.

हीटसिंक कितीही मोठा असला तरी त्याच्या पात्यांमधून हवा वर चढली पाहिजे. तळाच्या फटींतून थंड हवा आत येते आणि झाकणाच्या जाळीतून गरम हवा बाहेर जाते. ही वाट कोठेही अडली की तापमान चढू लागते. झाकणावर किमान १० सेंटिमीटर आणि दोन्ही बाजूंना किमान ५ सेंटिमीटर जागा मोकळी ठेवावी, कपाटाची मागची फळी काढून टाकावी किंवा तिला खाली-वर मोठी भोके पाडावीत, आणि जाड सतरंजीवर यंत्र ठेवू नये, कारण पाय रुतले की तळाच्या फटी बंद होतात. काचेचे दार लावलेल्या कपाटात या सर्व अंतरांचा काहीच उपयोग होत नाही, कारण तीच हवा आतल्या आत फिरून तापत राहते. आमच्या यंत्रांत हीटसिंक ७५ अंशांवर गेला की तापमान-स्विच आवाज तोडतो. तो स्विच काढून टाकण्याची मागणी अधूनमधून होते. ती आम्ही मान्य करत नाही.

उष्णतेची खरी किंमत वीजपुरवठ्यातले मोठे फिल्टर कंडेन्सर (वीज साठवून पुरवठा एकसारखा ठेवणारे भाग) मोजतात. या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरांचे आयुष्य दर १० अंश तापमानवाढीला साधारण निम्मे होते. १०५ अंशांना २००० तास असे आयुष्य दिलेला कंडेन्सर ६५ अंशांत राहिला तर हिशेबाने ३२,००० तास टिकतो, ७५ अंशांत राहिला तर १६,००० तास. कपाटाचे दार बंद ठेवल्याने एवढा फरक सहज पडतो. कंडेन्सर सुकत गेला की स्पीकरमधून १०० हर्ट्‌झची घुमणारी गुणगुण येऊ लागते, आणि तोवर पुरवठा बराच खालावलेला असतो.

‘मग मोठाच कंडेन्सर घालून द्या’ ही मागणी हल्ली वाढली आहे. १०,००० मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून ३ अँपिअर ओढले की ५० हर्ट्‌झच्या विजेवर व्होल्टेजचा चढउतार ३ व्होल्टपर्यंत जातो आणि क्षमता दुप्पट केली की तो निम्मा होतो, हे खरे आहे. पण मोठा कंडेन्सर भरून घेताना विजेचे झटके अधिक तीव्र आणि अधिक आखूड होतात, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर आणि ब्रिज रेक्टिफायर (एसी वीज डीसी करणारी डायोडांची जोडणी) जास्त तापतात. म्हणजे ज्या उष्णतेला कंटाळून ग्राहक आले, तीच वाढते. सुरू करतानाचा पहिला झटका फ्यूज उडवतो, आणि मग कोणीतरी दुप्पट अँपिअरचा फ्यूज घालतो. तसे कृपया कधीही करू नये. जळालेल्या ट्रान्सफॉर्मरला वॉरंटी लागू होत नाही.

त्यापेक्षा कंडेन्सर किती व्होल्ट सोसू शकतो याकडे लक्ष द्यावे. २५-०-२५ च्या (मधल्या तारेपासून दोन्हीकडे २५ व्होल्ट देणाऱ्या) ट्रान्सफॉर्मरवर डायोडनंतर सुमारे ३४ व्होल्ट मिळतात, परंतु भार नसताना आणि घरातली वीज २३० ऐवजी २५० व्होल्ट असताना तेच ४० च्या पुढे जातात. तरीही दुसरीकडे दुरुस्त झालेल्या यंत्रांत ३५ व्होल्टचे, डोके फुगलेले कंडेन्सर आम्हाला वारंवार आढळतात. आम्ही येथे १०५ अंशांचे, ६३ व्होल्टचेच कंडेन्सर बसवतो आणि त्यामुळे आमचे शुल्क थोडे अधिक असते.

मोकळ्या हवेतही, आवाज शून्यावर असताना, यंत्र तापत असेल तर बायस, म्हणजे आवाज नसतानाही ट्रान्झिस्टरांतून वाहणारा थोडासा प्रवाह, बिघडल्याचा संशय धरावा. ट्रान्झिस्टर जसजसा तापतो तसतसा तितक्याच बेस-व्होल्टेजवर अधिक प्रवाह सोडतो, आणि तो आवरण्यासाठी हीटसिंकला चिकटवून एक छोटा ट्रान्झिस्टर बसवलेला असतो. घाईच्या दुरुस्तीत तोच स्क्रू न लावता लोंबत ठेवलेला दिसतो, किंवा अभ्रकाच्या पातळ चकतीखाली पेस्ट लावलेली नसते. असे यंत्र ताबडतोब बंद करून आमच्याकडे आणावे.

यंत्र आणताना ठेवण्याच्या जागेचे छायाचित्र, स्पीकरच्या पाठीवर लिहिलेले ओहम आणि यंत्र किती मिनिटांनी बंद पडते याची नोंद सोबत द्यावी. एवढ्या माहितीवर पुष्कळदा झाकण न उघडताच उत्तर देता येते, आणि तेव्हा आम्ही तपासणीचे शुल्क घेत नाही. कपाट बदलणे ज्यांना शक्यच नसेल त्यांच्यासाठी १२ व्होल्टचा १२० मिलिमीटरचा पंखा ७ व्होल्टवर चालवून, म्हणजे जवळजवळ आवाज न करता, कपाटाच्या मागच्या फळीत बसवून देण्याची सोय आमच्याकडे आहे. त्यासाठी फळीची जाडी आणि फळीमागची मोकळी जागा मोजून आणावी.