महाविद्यालयीन ई-स्पोर्ट्स कार्यक्रमांचे मूल्यमापन

महाविद्यालयाने स्वतःच्या देखरेखीखाली चालवलेल्या ई-स्पोर्ट्स (संगणकावर किंवा मोबाइलवर खेळले जाणारे स्पर्धात्मक खेळ) संघाचा सराव, मार्गदर्शन, साधने, खेळाडूंचे आरोग्य आणि अभ्यास यांचा दर्जा ठरलेल्या निकषांवर तपासून त्यात सुधारणा करण्याची पद्धत. जिंकलेले चषक हा यातला सर्वांत ठळक, पण सर्वांत कच्चा निकष होय. बीजीएमआय या मोबाइलवरच्या लढाईच्या खेळाच्या स्पर्धेत प्रत्येकी चार खेळाडूंचे सोळा संघ एकाच नकाशावर उतरतात आणि ज्याच्या आत राहावे लागते ते सुरक्षित वर्तुळ कोणत्या बाजूला आकुंचन पावेल हे कोणाच्याच हातात नसते. त्यामुळे दोन-चार सामन्यांच्या गुणतक्त्यावरून संघाची तयारी जोखणे म्हणजे एका नाणेफेकीवरून क्रिकेटचा कर्णधार ठरवण्यासारखे आहे.

अमेरिकेत शिकागोच्या रॉबर्ट मॉरिस विद्यापीठाने २०१४ मध्ये ‘लीग ऑफ लेजंड्स’ या संगणकावरच्या सांघिक खेळाच्या खेळाडूंना क्रीडा शिष्यवृत्ती दिली आणि २०१६ मध्ये महाविद्यालयीन ई-स्पोर्ट्ससाठी तेथे राष्ट्रीय संघटना उभी राहिली. भारतात डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने बहुक्रीडा स्पर्धांतील ई-स्पोर्ट्स हा विषय क्रीडा मंत्रालयाकडे सोपवला. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत त्याला पदकांचा दर्जा मिळाला. २०२५ च्या ऑनलाइन खेळविषयक कायद्याने पैसे लावून खेळायचे खेळ आणि ई-स्पोर्ट्स यांच्यात स्पष्ट रेघ ओढली. संघातील मुले पैजेच्या खेळांकडे वळत नाहीत ना, हे पाहणे त्यामुळे तपासणीचाच भाग ठरते.

कोल्हापूरच्या वाचकाला हा विषय तालमीच्या भाषेत लवकर कळतो. राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग मैदान उभारले, त्या शहरात तालमीची पत केवळ तिच्या मल्लांनी आणलेल्या गदांवर ठरत नाही. वस्ताद कोण आहे, पहाटे हौद्यात किती जोडी घुमतात, नव्या पोराला कोणाच्या हाताखाली दिले जाते, खुराकाची सोय काय, हे जाणकार आधी विचारतात. ई-स्पोर्ट्सच्या मूल्यमापनाचे मुख्य प्रश्न जवळजवळ हेच आहेत. तुलना मात्र एका जागी तुटते. हौद्यातली लाल माती तालमीची असते. संगणकावरचा किंवा मोबाइलवरचा खेळ कंपनीचा असतो, आणि तो उद्या सकाळी नाहीसा होऊ शकतो.

असे घडलेही आहे. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली. जुलै २०२१ मध्ये त्याच धर्तीवरचा बीजीएमआय आला, जुलै २०२२ मध्ये तोही ॲप दुकानांतून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. या सुमारे दहा महिन्यांत ज्या संघाजवळ त्या एका खेळाखेरीज काहीच नव्हते, त्याला सरावाचा आधारच उरला नाही. म्हणून तपासणाऱ्याने विचारावयाचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा : आजचा खेळ बंद झाला, तर या कार्यक्रमात काय शिल्लक राहील? प्रशिक्षक, सरावाची शिस्त, सामन्यांच्या नोंदी आणि समालोचन, आयोजन, चित्रफीत-संपादन यांत तयार झालेले विद्यार्थी शिल्लक राहत असतील, तर कार्यक्रम पक्का समजावा.

मार्गदर्शनाचा कस सामन्यानंतरच्या बैठकीत लागतो. सामन्याची चित्रफीत लावली जाते. तिसऱ्या वर्तुळाच्या वेळी संघ ओढ्याकाठच्या घरात का थांबला, हा प्रश्न येतो. चांगला प्रशिक्षक तेथे चित्रफीत थांबवून ‘तेव्हा तुला काय दिसत होते?’ एवढेच विचारतो आणि गप्प बसतो. बैठकीत फक्त प्रशिक्षक बोलत असेल, किंवा शेवटच्या गोळीवरच वाद रंगत असेल, तर सराव वाढवूनही फारसा उपयोग होत नाही. पुढच्या आठवड्यासाठी एकच दोष निवडून तो वहीत लिहिणे आणि पुढच्या बैठकीत ती वही आधी उघडणे, ही साधी सवय महागड्या खुर्च्यांपेक्षा अधिक सुधारणा घडवते.

साधनांच्या बाबतीत मोजमाप सोपे असते, तरी ते बहुधा चुकीच्या वेळी केले जाते. ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या) पडद्यावर नवे चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंदांनी येते, १४४ हर्ट्झवर सुमारे ६.९ मिलिसेकंदांनी, हा फरक विकत घेता येतो. इंटरनेटच्या जोडणीचे तसे नाही. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाल्यापासून वसतिगृहांचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोल्हापुरात सराव रात्री वसतिगृहाच्या वायफायवर होणार हे गृहीत धरावे. त्यामुळे पिंग (खेळाच्या सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद) दुपारी रिकाम्या प्रयोगशाळेत न मोजता रात्री नऊला, सगळ्या खोल्यांत मोबाइल चालू असताना मोजावा, आणि सरासरीबरोबर त्यातील चढउतारही नोंदवावेत. स्थिर ७० चा पिंग ३० ते १५० मध्ये उड्या मारणाऱ्या पिंगपेक्षा खेळायला बरा.

झोप, मनगट, मान आणि डोळे यांची विचारपूस, उपस्थिती व सत्र परीक्षांचे निकाल यांच्या नोंदी दर सत्राला व्हाव्यात. मुलींचा सहभाग नुसत्या संख्येने मोजू नये. व्हॉइस चॅटवर शिवीगाळ झाल्यास तक्रार कोणाकडे करायची, हे नव्या खेळाडूला विचारून पाहिले की खरे चित्र कळते.

राहिला पैसा. राजाराम महाविद्यालयात शिकलेले खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक घेऊन आले. त्यांच्या प्रवासखर्चासाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवल्याची हकीकत शहरात आजही अभिमानाने सांगितली जाते. हकीकत थोर आहे, पण ती निधीची व्यवस्था नव्हे. ज्या संघाचे इंटरनेटचे बिल एखादे हौशी प्राध्यापक स्वतःच्या खिशातून भरतात, तो त्यांची बदली होताच थांबतो. म्हणून तपासणीत चषकांच्या कपाटाआधी महाविद्यालयाचे अंदाजपत्रक मागवावे आणि त्यात ई-स्पोर्ट्सचे स्वतंत्र लेखाशीर्ष आहे की नाही ते पाहावे.