गट शुक्रवारीच का पोहोचतो? (तुर्कस्तान सहलीचे तिकीट काढण्याआधी वाचावे)

तुर्कस्तान सहलीसाठी ऑफिसात येणाऱ्या फोनवर दोन प्रश्न ठरलेले असतात. शाकाहारी जेवण मिळेल का, आणि शनिवारी रात्री निघालो तर रजा वाचतात, मग तुमचा गट शुक्रवारीच का पोहोचतो? पहिल्याचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याला वेळ लागतो, म्हणून हे पत्रक.

शुक्रवारी इस्तंबूलला उतरून आपण त्याच विमानतळावरून इझमीरचे विमान पकडतो आणि रात्री सेल्चुक गावात मुक्काम करतो. शनिवारी शेजारचे एफेसस (प्राचीन शहराचे अवशेष), रविवारी पामुक्काले (पांढऱ्या चुनखडीच्या पायऱ्या), सोमवारी कोन्यामार्गे कप्पाडोकिया. मंगळवार आणि बुधवारची पहाट तिथल्या गरम हवेच्या बलूनमधून फिरण्यासाठी राखलेली. बुधवारी संध्याकाळी विमानाने परत इस्तंबूल. गुरुवारी टोपकापी राजवाडा, आयासोफिया, निळी मशीद. शुक्रवारी ग्रँड बझार आणि डोल्माबाहचे राजवाडा. शनिवारी परतीचे विमान.

आता हेच सगळे दोन दिवस पुढे ढकलून बघा. ग्रँड बझार रविवारी येतो, आणि रविवारी त्याच्या सगळ्या दारांना कुलूप असते. एकच दिवस ढकलला तर निळी मशीद शुक्रवारी येते; शुक्रवारी दुपारची नमाज होईपर्यंत पर्यटकांना आत सोडत नाहीत. टोपकापी मंगळवारी बंद, डोल्माबाहचे सोमवारी बंद. सेल्चुकचा आठवडी बाजार शनिवारीच भरतो, तो तर दोन्ही वेळा हुकतो. ‘तिथे गेल्यावर बघू, एक दिवस इकडचा तिकडे करू’ असे सांगणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो ते यासाठी. काही जणांना तो आडमुठेपणा वाटतो. वाटू दे.

आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो तो मात्र परस्पर काढलेल्या विमान तिकिटांमुळे. इस्तंबूलला दोन विमानतळ आहेत. मोठा, नवा विमानतळ युरोपच्या बाजूला. सबिहा गोकचेन आशियाच्या बाजूला. दोन्हींमध्ये सुमारे 80 किलोमीटर अंतर आणि मध्ये बॉस्फरसची सामुद्रधुनी. आखातातून येणारी बरीच स्वस्त विमाने सबिहा गोकचेनला उतरतात, आणि तिकिटावर ‘इस्तंबूल’ हा शब्द ठळक असतो, पुढचे नाव बारीक. गट इझमीरला पोहोचून जेवायला बसतो तेव्हा एखादे कुटुंब बॉस्फरसच्या पुलावर टॅक्सीत अडकलेले असते आणि आमच्या ऑफिसातले दोन्ही फोन वाजत असतात. तिकिटावर नव्या विमानतळाचा आयएसटी (IST) हा कोड हवा. एसएडब्ल्यू (SAW, म्हणजे सबिहा गोकचेन) दिसला तर पैसे भरू नका, आधी आम्हाला फोन करा. तिकीट आमच्याकडूनच काढले पाहिजे अशी सक्ती नाही. काढायच्या आधी दाखवा, एवढेच. बघून द्यायचे आम्ही काही घेत नाही.

बलूनबद्दलही एक आग्रह नेहमी होतो: ‘शेवटच्या पहाटे ठेवा, तोवर झोप तरी होईल.’ बलून उडणार की नाही हे तिथले विमान वाहतूक खाते वाऱ्यावरून त्याच पहाटे ठरवते. बंद म्हणजे सगळ्यांचेच बंद. जास्त पैसे देऊन कोणी उडवत नाही. पहिल्या पहाटे रद्द झाले तर दुसरी हाताशी राहते. म्हणून पहिलीच.

एफेससला आपण वरच्या दाराने आत जातो आणि उतरत उतरत खाली येतो, गुडघ्यांना बरे पडते. संगमरवरी रस्ता पायांनी घासून गुळगुळीत झाला आहे, तिथे चपला घालू नका. सावली जवळजवळ नाही, म्हणून दार उघडायच्या वेळीच पोहोचायचे. सेल्ससच्या ग्रंथालयासमोर सगळेच फोटो काढतात. पण शेजारच्या उतारावरची रोमन श्रीमंतांची घरे, त्यांतली भिंतीवरची चित्रे आणि जमिनीवरची मोझेक फार जण बघत नाहीत, कारण तिकीट वेगळे पडते. आमच्या दरात ते धरलेले आहे. दरांची तुलना करताना हेही विचारून घ्या.

दुपारी सेल्चुकचा बाजार. अंजिरे, ऑलिव्हचे प्रकार, पांढऱ्या चीजचे डबे, आणि कडेला गोझलेमे करणाऱ्या बायका. काठीसारख्या बारीक, लांब लाटण्याने कागदासारखी पोळी लाटतात, आत पालक आणि चीज घालून घडी करतात आणि मांड्यांच्या खापरासारख्या उपड्या तव्यावर टाकतात. तिथे उभे राहूनच खा, हॉटेलात ती चव नाही.

शाकाहाऱ्यांनी खाकऱ्यांची बॅग भरून न्यायची गरज नाही. मसुरीचे सूप (मेर्जिमेक) जवळपास सगळीकडे मिळते. ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढलेल्या भाज्या, भरली वांगी, द्राक्षाच्या पानांतला भात, सिमित (तीळ लावलेला कड्यासारखा पाव), मेनेमेन (टोमॅटो-मिरचीची भाजी, यात अंडे असते) यांवर दिवस मजेत जातात. सावध राहायचे ते भाताबाबत आणि सुपांबाबत: दिसायला शाकाहारी, पण शिजवताना कोंबडीचे किंवा मटणाचे पाणी घातलेले असू शकते. नुसते ‘मांस नको’ म्हटले तर कोंबडी चालते असाही समज होतो. कोंबडी नको, मासे नकोत, मांसाचे पाणीही नको, हे वेगवेगळे सांगावे लागते. आमच्याकडून तसे तुर्की वाक्य छापलेले कार्ड मिळेल. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी नोंदणी करतानाच सांगावे, ऐनवेळी सोय होत नाही.

खरेदीत दोन गोष्टी. ‘तुर्की केशर’ म्हणून स्वस्तात ढीगभर देतात त्या करडईच्या फुलांच्या पाकळ्या असतात. सोलापूर-मराठवाड्याच्या माणसाने त्या विकत घेऊन याव्यात हे बरे दिसत नाही. आणि अवशेषांच्या आसपास कोणी जुने नाणे दाखवले तर हात लावू नका. खोटे असेल तर पैसे गेले. खरे असेल तर ते देशाबाहेर नेणे तिथे गंभीर गुन्हा आहे. गालिच्यांच्या दुकानात आम्ही गट नेत नाही. ज्यांना घ्यायचा आहे त्यांना शुक्रवारची सकाळ मोकळी आहे.

अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन देशांचा चालू व्हिसा असेल तर भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा मिळू शकतो. नसेल तर साधा व्हिसा काढावा लागतो आणि त्याला वेळ लागतो, तेव्हा कागदपत्रे लवकर आणून द्या. गट सोळा जणांचाच असतो. ऑफिस सोमवारी बंद.