दोन अधिवेशनांच्या मधला काळ : सोलापूरच्या आमदारकीची पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यातील आमदाराचे वर्ष दोन वेळापत्रकांवर चालते. एक विधिमंडळाचे, म्हणजे मुंबईतील अर्थसंकल्पीय व पावसाळी अधिवेशन आणि नागपुरातील हिवाळी अधिवेशन. दुसरे उजनी धरणाच्या कालव्यांचे, म्हणजे रब्बीचे आवर्तन (कालव्यातून ठरावीक काळासाठी सोडले जाणारे पाणी) कधी सुटणार, उन्हाळ्यात किती पाळ्या मिळणार आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोहोचणार की नाही. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना आणि औचित्याचे मुद्दे ही सदस्याची साधने पहिल्या वेळापत्रकात वापरता येतात. गावचावडीवर त्याला जाब विचारला जातो तो मात्र दुसऱ्यावरून. त्यातच पावसाळी अधिवेशन अनेकदा आषाढी वारीच्या आगेमागे येते, त्यामुळे पंढरपूर, माळशिरस भागातील सदस्याला पालखी मार्गाची व्यवस्था आणि सभागृहातील हजेरी या दोहोंची सांगड घालावी लागते.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात सांगता येईल. सांगोल्यातून एकाच पक्षाचे एकच सदस्य १९६२ पासून पुढील पाच दशकांत ११ वेळा निवडून आले, आणि दुष्काळी तालुक्याचा पाणीप्रश्न सभागृहात चिकाटीने कसा मांडावा याचा वस्तुपाठ जिल्ह्याला त्यांच्याकडून मिळाला. १९८० मध्ये भीमेवरील उजनी धरण पूर्ण झाले आणि सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) एकूण साठ्याच्या या जलाशयाभोवती जिल्ह्याचे राजकारण फिरू लागले. या साठ्यातील निम्म्याहून अधिक पाणी मृतसाठ्यात, म्हणजे नियमित वापरासाठी न धरल्या जाणाऱ्या तळाच्या साठ्यात मोडते आणि उपयुक्त साठा जेमतेम ५३.५७ टीएमसी आहे, ही बाब बाहेरच्या चर्चेत सहसा सुटते. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेनंतर मंगळवेढा आणि उत्तर सोलापूर हे स्वतंत्र मतदारसंघ राहिले नाहीत व जिल्ह्यात ११ जागा उरल्या. पाण्यासाठी २००९ च्या लोकसभा निवडणुकीत मतदानावर बहिष्कार टाकणारी मंगळवेढ्याची दुष्काळी गावे तेव्हापासून पंढरपूरच्या सदस्याच्या वाट्याला आली.

अधिवेशन आणि मतदारसंघ यांतील अंतर सर्वाधिक उघडे पडले ते २०२१ मध्ये. त्या वर्षीचे अर्थसंकल्पीय अधिवेशन मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातच आटोपले होते. १७ एप्रिलला पंढरपूर-मंगळवेढा पोटनिवडणुकीचे मतदान झाले आणि त्यानंतर त्याच महिन्यात उजनीतून इंदापूर तालुक्यासाठी ५ टीएमसी पाणी उचलण्याच्या योजनेच्या सर्वेक्षणाचा आदेश निघाला. सोलापूरचे तत्कालीन पालकमंत्री हे इंदापूरचेच आमदार होते, ही वस्तुस्थिती या वादाला पेटवायला पुरेशी होती. हे पाणी धरणाच्या मंजूर वाटपातील नसून पुणे परिसरातून नदीत येणारे सांडपाणी आहे, अशी आदेशाची बाजू होती. सोलापूरकरांचा आक्षेप असा की सांडपाणी म्हटले तरी ते एकदा जलाशयात मिसळले की त्याचा वेगळा हिशेब ठेवता येत नाही, आणि मंगळवेढा, एकरूख, बार्शी, दहिगाव यांसारख्या जिल्ह्यातील उपसा योजना (पंपाने पाणी उचलून देणाऱ्या सिंचन योजना) वर्षानुवर्षे रखडलेल्या असताना नवा वाटेकरी आणणे अन्यायाचे आहे. हा आक्षेप खोडणारे समाधानकारक उत्तर त्या काळात कोणी दिले, असे म्हणता येत नाही.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की आदेश निघाला तेव्हा सभागृह चालू नव्हते आणि मे अखेरीस तो रद्द झाला तेव्हाही नव्हते. प्रश्न, लक्षवेधी, अर्धा तास चर्चा यांपैकी एकही साधन सदस्यांच्या हाती नव्हते. टाळेबंदीच्या निर्बंधांतही आंदोलने झाली, निवेदने गेली, सत्ताधारी पक्षाच्या स्थानिक पुढाऱ्यांना आपल्याच सरकारपुढे गाऱ्हाणे मांडावे लागले, आणि निर्णय फिरला तो या रेट्यामुळे. मात्र त्याची एक किंमतही होती. मंत्र्याने सभागृहात दिलेले आश्वासन नोंदवले जाते आणि विधिमंडळाची आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करू शकते. बैठकीत किंवा पत्रकारांसमोर दिलेल्या शब्दाला तसा आधार नसतो. जुलैमध्ये झालेले पावसाळी अधिवेशन अवघ्या दोन दिवसांचे होते. त्यातही पहिल्याच दिवशी १२ सदस्य वर्षभरासाठी निलंबित झाले आणि त्यांत माळशिरसचे सदस्य होते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये हे निलंबन रद्द ठरवले, पण तोवर हिवाळी अधिवेशनही उरकले होते. म्हणजे नीरा आणि भीमेच्या काठावरील एका तालुक्याचा आवाज पाण्याच्या वादानंतरच्या अधिवेशनांत सभागृहाबाहेर राहिला.

पुढच्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, इंदापूर आणि बारामती तालुक्यांतील गावांसाठी उजनीवरील लाकडी-निंबोडी उपसा योजनेला प्रशासकीय मान्यता मिळाली आणि तोच विरोध पुन्हा उभा राहिला. याही वेळी महिना मे होता आणि अधिवेशन सुरू नव्हते.

याच काळात आमदारांचा स्थानिक विकास निधी २०२० पासून टप्प्याटप्प्याने वाढून २ कोटींवरून ५ कोटी रुपयांवर गेला. रस्ते, सभामंडप, शाळाखोल्या यांसाठी तो उपयोगी पडतो आणि त्याचे फलकही ठळक लागतात. उपसा योजनेच्या खर्चापुढे मात्र ही रक्कम नगण्य आहे, आणि आवर्तनाची तारीख ठरते ती कालवा सल्लागार समितीत, जिथे आमदाराला बसायला जागा असली तरी अध्यक्षपदी मंत्रीच असतात.