जुनं पदक घासण्याआधी त्याची कड वाचा

आजोबांच्या ट्रंकेत सापडलेलं पदक तपासायला आमच्याकडे आणताना बरेच जण आदल्या रात्री ते चिंचेने नाहीतर दंतमंजनाने घासून लखलखीत करतात. हेतू चांगला असतो, पण जे वाचायचं तेच त्यात झिजतं.

ब्रिटिश काळातल्या चांदीच्या सेवापदकावर पुढे राजाचा किंवा राणीचा मुखवटा. तो सगळ्यांना सारखाच. पदक कुणाचं, हे सांगते ती कड: क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण किंवा जहाज. पहिल्या महायुद्धाच्या गोल चांदीच्या पदकावर ही अक्षरं कडेत ठोकलेली असतात. १९१४-१५च्या ताऱ्याच्या आकाराच्या पदकावर मात्र ती पाठीमागे. अपशिंग्यासारख्या साताऱ्याकडच्या गावांतून पलटणीत गेलेल्यांची आणि रत्नागिरीकडून आरमारात गेलेल्यांची अशी पदकं घराघरांत असतील.

कडेवरच्या नावाने काय फरक पडतो, ते टॉम क्रीनवरून कळेल. आयर्लंडमधल्या केरी परगण्यातला हा शेतकऱ्याचा मुलगा १८९३ साली ब्रिटिश नौदलात शिरला आणि पुढे ‘डिस्कव्हरी’, ‘टेरा नोव्हा’, ‘एन्ड्युरन्स’ अशा तीन मोहिमांत दक्षिण ध्रुवाकडे गेला. फेब्रुवारी १९१२ मध्ये ‘टेरा नोव्हा’ मोहिमेत परतीच्या वाटेवर लेफ्टनंट एव्हन्स स्कर्व्हीने (क जीवनसत्त्वाअभावी होणाऱ्या आजाराने) आडवे झाले. सोबतचा लॅशली त्यांच्यापाशी थांबला. क्रीन तीन बिस्किटं आणि थोडं चॉकलेट खिशात टाकून एकटा निघाला, सुमारे ५६ किलोमीटर बर्फ १८ तासांत तुडवून तळावर पोचला. एव्हन्स वाचले. त्याबद्दल क्रीन आणि लॅशली दोघांना अल्बर्ट पदक मिळालं.

क्रीनचं ध्रुवीय पदक, म्हणजे ध्रुवीय मोहिमांसाठी मिळणारं, मात्र वेगळं. १९०४ साली सुरू झालेलं हे पदक चांदीचं, अष्टकोनी, पांढऱ्या फितीचं. पुन्हा मोहिमेवर गेलं की नवं पदक नाही, त्याच फितीवर सालाची आणखी एक पट्टी चढते. क्रीनच्या फितीवर तीन आहेत. (ज्याने मदत आणायला निघालेली ‘जेम्स केअर्ड’ होडी समुद्राला तोंड देण्याजोगी केली, त्या ‘एन्ड्युरन्स’च्या सुतार मॅकनिशला हे पदक नाकारलं गेलं. आम्हाला ते आजही पटत नाही.) असल्या पदकातली चांदी मोजकीच. मोल आहे ते नावाचं आणि पट्ट्यांचं. म्हणूनच कड घासून दुसरं नाव कोरण्याचे उद्योगही होतात. तशा पदकाचा व्यास किंचित कमी भरतो आणि घासल्याच्या खुणा भिंगाखाली दिसू शकतात.

आम्ही पदकाला पॉलिश करत नाही, कितीही आग्रह केलात तरी. काळा थर हवेतल्या गंधकामुळे येतो आणि पदकाला तो फारसा बाधत नाही. मऊ ब्रशने धूळ काढून, कडेचे फोटो घेऊन, आम्लरहित कागदाच्या पाकिटात पदक परत देतो. पीव्हीसीच्या प्लास्टिक पिशवीत किंवा लोकरीच्या कापडात ठेवू नका, दोन्हींमुळे चांदी खराब होते. फीत फाटली असली तरी टाकू नका. नवी लावायची असेल तर जुनी सोबत जपून ठेवतो.

पदक आणताना धुवट सुती रुमालात गुंडाळा. सैन्याचं पेन्शनपुस्तक किंवा डिस्चार्जचा कागद घरात असेल तर तोही आणा, म्हणजे कडेवरचा क्रमांक त्याच्याशी ताडून पाहता येईल.