व्हिक्टोरिया फॉल्स: दिवाळीत जायचं की मे महिन्यात?

आमच्याकडे चौकशीला येणारी बहुतेक मंडळी शाळेच्या सुट्ट्या बघून तारखा ठरवतात. झिम्बाब्वेतल्या, झांबियाच्या सीमेवरच्या या धबधब्याच्या गावासाठी मात्र आधी झांबेझी नदीचं वेळापत्रक बघा, असा आमचा आग्रह असतो.

तिकडे पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च. पण नदी झांबियाच्या वायव्य टोकाला उगम पावते, अंगोलातून फिरून येते आणि वाटेत बारोत्सेच्या विस्तीर्ण सखल प्रदेशात पसरते. हे पाणी धबधब्यापर्यंत पोचायला काही आठवडे जातात. म्हणून धबधबा ऐन भरात येतो तो पाऊस सरल्यावर, एप्रिल-मेच्या सुमारास. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो सर्वांत रोडावलेला असतो.

मे महिन्यात सुमारे १,७०० मीटर रुंद कड्यावरून पाणी १०८ मीटर खाली कोसळतं. तुषार इतके उसळतात की काही ठिकाणी समोरचा धबधबाच दिसत नाही! रेनकोट घातला तरी भिजणं आलंच. फोन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, पायात न घसरणारे बूट घाला. पौर्णिमेच्या रात्री चांदण्यात इंद्रधनुष्य दिसतं, त्यामुळे ही सहल आम्ही शक्यतो बुद्धपौर्णिमा धरून आखतो.

दिवाळीत ऊन कडक. झांबियाच्या बाजूचा कडा बराचसा कोरडा पडतो आणि काळा बेसॉल्ट उघडा दिसतो, आपल्या सह्याद्रीत असतो तसाच. झिम्बाब्वेच्या बाजूला मात्र पाणी वाहतं असतं, म्हणून त्या दिवसांत मुक्काम तिथेच ठेवतो. शाळेचं बंधन नसेल तर जुलै-ऑगस्टला जा: पाणी भरपूर, नजारा स्वच्छ. पहाटे स्वेटर लागतो.

गाव छोटं आहे, धबधब्याच्या फाटकापर्यंत चालत जाता येतं. हातात खाऊ दिसला की बबून माकडं हिसकावतात. अंधार पडल्यावर रस्त्यावर हत्तीही येतात, तेव्हा जवळ जायचं असलं तरी टॅक्सीच घ्या. १९०५ सालच्या पुलापलीकडे झांबिया. तिकडे जाऊन परत यायचं असेल तर व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा लागतो, बुकिंग करतानाच सांगा.

डॉलरच्या सुट्या नोटा न्या, मोठ्या नोटेचे सुटे मिळायला त्रास होतो. हा मलेरियाचा भाग आहे, गोळ्यांबद्दल निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा. सोबत ज्येष्ठ नागरिक असतील तर आम्हाला जरूर कळवा, फिरण्याचा वेग त्यांच्या सोयीनं ठेवू.