वांगणीच्या आकाशदर्शनामागचा इतिहास

अमावास्येच्या आसपासच्या शनिवारी संध्याकाळच्या कर्जत लोकलमधून सतरंज्या, स्वेटर आणि डबे घेतलेली मंडळी वांगणीला उतरतात आणि रात्रभर आकाश बघून पहाटेच्या गाडीने परततात. या प्रथेचं मूळ शोधायचं तर पुण्यापासून सुरुवात करावी लागते.

भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीच्या आधाराने कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८८८ साली वेधशाळा उभारली. ग्रब यांच्या कारखान्यात घडलेली तिथली २० इंची परावर्ती (भिंगाऐवजी आरशाची) दुर्बीण पुढे कित्येक दशकं देशातली सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध नायगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला घेतले. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि उपकरणं कोडाईकनालला गेली. सगळा डोलारा एका माणसावर उभा होता, तो गेल्यावर सांभाळणारं कुणी उरलं नाही.

२२ ऑगस्ट १९४४ ला पुण्यात स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था ही खगोलप्रेमींची संस्था मात्र टिकून राहिली, कारण ती हौशी माणसांची होती. मुंबईत १९७७ साली नेहरू तारांगण सुरू झालं, पण घुमटावरचे तारे वेगळे आणि खरे वेगळे. हॅलेच्या धूमकेतूच्या १९८५-८६ च्या फेरीच्या सुमारास खगोल मंडळ ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था उभी राहिली, आणि वांगणीच्या रात्री या मंडळामुळेच रुळल्या.

साधनही तोवर स्वस्त झालं होतं. रामकृष्ण संप्रदायाचे माजी संन्यासी जॉन डॉब्सन १९६८ पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर लोकांना चंद्र दाखवत होते. प्लायवुडची पेटी, टेफ्लॉनच्या चकत्या आणि हाताने घासलेला आरसा, एवढ्यात त्यांची दुर्बीण होई. मोटर नसते, हाताने ढकलायची.

हाताने ढकलायच्या दुर्बिणीपुढे रांग लावताना गणित सांभाळावं लागतं. ६ इंची आरसा, १२०० मिलीमीटर नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं) आणि १० मिलीमीटरची नेत्रिका (डोळा लावायचं भिंग) घेतली तर १२० पट मोठं दिसतं. नेत्रिकेचं क्षेत्र ५० अंशांचं असेल तर आकाशाचा अर्ध्या अंशाहून कमी तुकडा हाती येतो. आकाश तासाला १५ अंश सरकतं, म्हणजे शनी एका कडेने शिरून दुसरीकडून साधारण शंभर सेकंदांत बाहेर. म्हणून दर दुसऱ्या-तिसऱ्या माणसामागे स्वयंसेवकाने डोळा लावून ग्रह परत मध्यावर आणायचा. लहान मूल नेत्रिकेला धरूनच उभं राहतं आणि नळी हलते. त्याला स्टूल द्यावं आणि हात पाठीमागे ठेवायला सांगावं. पहिल्यांदा बघणाऱ्यासाठी २५ मिलीमीटरची नेत्रिका बरी: ४८ पट, शनीची कडी लहान पण रेखीव.

आरसा बाहेरच्या थंडीला यायला अर्धा-पाऊण तास लागतो. तोवर प्रतिमा उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखी थरथरते, आणि दोष मात्र दुर्बिणीला दिला जातो. डोळ्यांनाही अंधार सरावायला वीस-तीस मिनिटं हवीत; मोबाइलचा एक झोत पडला की ती वाया. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावतात तो यासाठी. डिसेंबरात मध्यरात्रीनंतर दुर्बिणीच्या काचेवर दव पडतं. ते पुसायचं नाही, धुळीचे कण घासले जाऊन काचेवरचा लेप खराब होतो. पुठ्ठ्याची लांब नळी पुढे बसवली की बराच वेळ निभावतं.

वांगणीच्या पश्चिमेला मुंबई आणि वायव्येला बदलापूर, त्यामुळे आकाशाची ती बाजू आधी उजळली. मार्चमध्ये मृग नक्षत्रातला तेजोमेघ (वायू आणि धुळीचा चमकता ढग) आता अंधार पडताच दाखवावा लागतो. दहाच्या पुढे मृग त्या उजेडाकडे कलतं.